पाप कोणाचे? देव, दुःख आणि ख्रिस्ती श्रद्धा : एक प्रस्तावना

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अहवाल हातात पडला की गोंदिया जिल्ह्यातल्या घरांत औषधांची चौकशी होते, दवाखान्याच्या खेपा सुरू होतात. पण त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ एक प्रश्न घरात मुक्काम ठोकून असतो : ‘आमी का पाप केलो जी?’ देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, कुठेही जा. घर गोंडाचे असो, बौद्धाचे असो, पोवाराचे असो की ख्रिस्ती माणसाचे, प्रश्नाचे शब्द थोडेफार बदलतात, रोख बदलत नाही. थंडी वाढली, ताप आला किंवा अंगातले पाणी कमी झाले की ‘एसएस पॅटर्न’च्या, म्हणजे आईवडील दोघांकडून हा दोष आलेल्या पोराच्या हाडांत कळा उठतात. आई रात्रभर त्याचे गुडघे चोळत बसते. पोर विचारते, मलाच का? आईला उत्तर सापडत नाही, मग ती तोच प्रश्न स्वतःवर ओढून घेते आणि आपल्या जुन्या चुका मोजू लागते.

ख्रिस्ती घरात हा प्रश्न आणखी बोचतो. ज्या देवाला आपण रोज बाप म्हणून हाक मारतो, ज्याला सर्वसमर्थ म्हणून उपासनेत मान्य करतो, त्यानेच हे होऊ दिलेले असते. कर्मविपाक मानणाऱ्याला निदान हिशेब लागतो. देव न मानणाऱ्याला कोणाला जाब विचारायचा नसतो. ख्रिस्ती माणसाकडे यातली कुठलीच सोय नाही. देव चांगला आहे, देव समर्थ आहे, आणि पोर कण्हते आहे. या तीन गोष्टी एकत्र कशा मानायच्या, हा या लेखसंग्रहाचा विषय आहे.

संग्रहाचे नाव योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायावरून सुचले. वाटेत एक जन्मांध माणूस दिसतो आणि येशूचे शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोघांचेही नाही म्हणतो. देवाची कृत्ये या माणसात दिसावीत असे सांगतो, थुंकीने चिखल कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. या उत्तराने सगळे मिटते असे मी म्हणणार नाही. देवाची कृत्ये दिसावीत म्हणून एका माणसाने इतकी वर्षे अंधारात काढायची, हे कोणत्याही विचारी वाचकाला सलेल, आणि सलायलाच हवे. पण एक गोष्ट त्या उत्तराने कायमची मोडीत काढली आहे. दुःख दिसले की दुःखी माणसाच्या किंवा त्याच्या आईच्या पदरात पाप शोधायचे, ही वहिवाट येशूने नाकारली. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांबद्दलही तो हेच सांगतो : ते यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी नव्हते. ख्रिस्ती विचाराला पुढे कितीही फाटे फुटले, तरी तो इथून निघतो. ज्या प्रवचनाला याचा विसर पडतो ते मला ख्रिस्ती वाटत नाही.

निरपराधाच्या दुःखाचा हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात एका वेगळ्याच वादात पुढे आला, आणि तो पुढे करणारे मराठी होते. आपल्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १८३९ साली जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली. त्याच वर्षी ‘सोमनाथ’ या नावाने त्याला उत्तर आले. ते सिहोरच्या सुबाजी बापूंचे, असे अभ्यासक मानतात. पुढे १८४४-४५च्या सुमारास काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोरे या कोकणस्थ तरुणाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. गोरे तेव्हा जेमतेम विशीत होते. त्यांचा मुद्दा नेमका होता. तान्ही पोरे दुःख भोगतात, मुकी जनावरे हाल सोसतात. त्यांनी या जन्मी काहीच केलेले नाही. पूर्वजन्म मानला तर या दुःखाला कारण सापडते. तो न मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा देव एक तर अन्यायी ठरतो, नाही तर निष्ठुर.

या आक्षेपाला त्या काळच्या मिशनऱ्यांनी दिलेली उत्तरे आज वाचली तर ती तोकडी वाटतात. स्वतः गोरे १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले, पण त्यांच्या मनातला न्यायाचा प्रश्न निवला नाही. मरणानंतरच्या सार्वकालिक शिक्षेच्या शिकवणीशी ते पुढेही झगडत राहिले आणि त्यावर त्यांनी स्वतंत्र लेखन केले. मला हा माणूस फार मोलाचा वाटतो, कारण ख्रिस्ती होताना त्याने आपला प्रश्न दाराबाहेर ठेवला नाही. आधुनिक मराठी ख्रिस्ती विचाराचा आरंभच मुळी शंकेसह झाला आहे, आणि हा वारसा आपण अभिमानाने सांगायला हवा.

कर्मसिद्धान्ताबद्दल इथे थोडे सांगायला हवे, कारण ख्रिस्ती लेखक त्याच्यावर फार सहज हात चालवतात. जगात न्याय आहे, काहीही फुकट जात नाही, देव लहरी नाही, या त्यातल्या आग्रहाला नैतिक वजन आहे. अडचण आहे ती हिशेब ज्याच्या माथी येतो त्याची. चोखोबांना देवळाच्या पायरीशी थांबवताना हाच हिशेब कामी आला. अर्थात ख्रिस्ती घरातही हेच घडत आले आहे. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र दुसरे काय करत होते? तू काहीतरी केले असशील, कबूल कर, म्हणजे सुटशील. बेचाळीस अध्यायांच्या त्या पुस्तकाचा बहुतेक भाग या मित्रांशी झालेल्या वादाने भरला आहे. शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण दुःखाचे कारण सांगत नाही. सृष्टी कोणी मांडली, समुद्राला बांध कोणी घातला, असे उलट प्रश्नच विचारतो. मात्र निवाडा देताना तो मित्रांवर रागावतो आणि आपल्याशी भांडलेला ईयोबच खरे बोलला असे म्हणतो. देवाची बाजू घेऊन खोटे बोलणाऱ्यांपेक्षा देवाशी खरेपणाने भांडणारा देवाला जवळचा. पवित्र शास्त्रातला हा निवाडा पचवायला ख्रिस्ती मंडळीला अजून पुरते जमलेले नाही.

नवख्या वाचकासाठी आता या प्रश्नाचा पसारा थोडक्यात मांडतो. देवाला दुष्टाई दूर करायची आहे पण जमत नाही, की जमते पण करायची नाही, हा जुना पेच एपिक्युरस या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावावर आहे. तो आपल्यापर्यंत आला लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकामुळे. या पेचाची दोन अंगे वेगळी ओळखली पाहिजेत. खून, जुलूम, फसवणूक ही माणसाने माणसाला दिलेली दुःखे. भूकंप, रोग, शिवारात रोवणी करणाऱ्या बाईवर पडलेली वीज ही निसर्गातून आलेली दुःखे. पहिल्या प्रकाराला दिलेले उत्तर दुसऱ्याला लागू पडतेच असे नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने सांगितले, की दुष्टाई ही स्वतंत्र वस्तू नाही. चांगल्याची जिथे उणीव, तिथे ती. देवाने ती निर्माण केली नाही. स्वतंत्र इच्छा मिळालेल्या प्राण्यांनी देवाकडे पाठ फिरवली आणि ती जगात आली. पश्चिमेतल्या मंडळीने हजारभर वर्षे मुख्यतः हीच वाट धरली. मराठीत हे आदामाचे पतन ओवीतून आणले फादर थॉमस स्टीफन्स यांनी, १६१६ साली गोव्यात छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त, आणि आपल्या पुराणकथनाच्या रीतीप्रमाणे श्रोत्यांच्या शंकांना त्यात जागा ठेवली. ऑगस्टीनचे मोठे काम असे, की सैतान हा देवाच्या तोडीचा दुसरा देव आहे ही कल्पना त्याने टिकू दिली नाही. पण कण्हणाऱ्या पोराच्या उशाशी बसून उणिवेचे तत्त्वज्ञान सांगवत नाही. वेदना ही उणीव वाटत नाही, ती अंगात भरून राहते.

त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, इरेनियसने वेगळी दिशा दाखवली होती : माणूस पूर्ण घडलेला निर्माण झालाच नाही, तो वाढायचा आहे. १९६६ साली जॉन हिक या इंग्रज तत्त्वज्ञाने या धाग्यावरून मोठी मांडणी केली, की हे जग सुखासाठी रचलेले ठिकाण नसून आत्मे घडवण्याची जागा आहे. धैर्य, करुणा, क्षमा या गोष्टी अडचणीवाचून उगवत नाहीत. यात तथ्य आहे. पण दुःखाने घडलेली माणसे जशी आपण पाहतो तशी दुःखाने मोडलेलीही पाहतो, आणि चार महिन्यांत गेलेल्या बाळाला कोणता आत्मा घडवायला वेळ मिळाला? हिकला हे दिसत होते, म्हणून त्याला ही घडण मरणापलीकडेही चालू राहते असे मानावे लागले.

लायब्निट्सने १७१० साली शक्य तितक्या जगांपैकी हेच उत्तम, असे सिद्ध करू पाहिले. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी देवळे भरलेली असताना लिस्बन भूकंपाने कोसळले आणि त्या आशावादावरचा युरोपचा विश्वास डळमळला. व्हॉल्टेअरने त्यावर कोरडे ओढले. सव्वाशे वर्षांनी दोस्तोयेव्हस्कीच्या इव्हान कारमाझोव्हने याहून खोल घाव घातला. तो देव नाकारत नाही. एका निरपराध पोराच्या अश्रूंवर उभारलेल्या सुखाच्या जगाचे तिकीट तो परत करतो. देवाविरुद्धचा हा सर्वांत प्रामाणिक आक्षेप एका श्रद्धाळू ख्रिस्ती लेखकाने लिहिला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. विसाव्या शतकात जे. एल. मॅकीने १९५५ साली देव चांगला आहे, देव समर्थ आहे आणि दुष्टाई आहे या तीन विधानांत तार्किक विसंगती आहे असा दावा केला आणि अॅल्विन प्लँटिंगाने १९७४ साली, खऱ्या स्वातंत्र्याचे जग निर्माण करायचे तर दुष्टाईची शक्यता सोडता येत नाही, असे दाखवून तो दावा बराच निष्प्रभ केला. तर्काची ही बाजू या संग्रहात आहे. ती नेमकेपणाने वाचावी, पण तिच्याकडून सांत्वनाची अपेक्षा धरू नये. ते तिचे काम नाही.

महायुद्धांनंतर ख्रिस्ती विचाराने कूस बदलली. जपानमध्ये काझो किटामोरी यांनी १९४६ साली देवाच्या वेदनेविषयी ग्रंथ लिहिला. हॅम्बुर्गवरच्या बाँबहल्ल्यातून वाचलेल्या आणि पुढे युद्धकैदी झालेल्या युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ साली क्रूसावर दिलेल्या देवाचा विचार मांडला : येशू क्रूसावर टाकून दिल्याचा आक्रोश करतो तेव्हा देव दुःखाच्या आत असतो, वर बसून ते पाहत नसतो. माझा स्वतःचा कल इकडे आहे, आणि तो मी लपवत नाही. तरी जुन्या परंपरेचा आक्षेप वजनदार आहे. बुडणाऱ्याबरोबर देवही बुडत असेल तर काढणार कोण? पुनरुत्थानाची आशा सोडून नुसता सहवेदनेचा देव उरला, तर तो प्रेमळ असेल, पण तारणारा नसेल. या संग्रहातले दोन लेख या मुद्द्यावर एकमेकांशी सरळ भांडतात आणि आम्ही ते भांडण मिटवलेले नाही.

आपल्या मुलखात मात्र या प्रश्नाची खरी उत्तरे ग्रंथांतून कमी आणि आयुष्यांतून जास्त आली. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे घरदार सोडून तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत, मुलांनाही संस्कृत शिकवीत. १८७०च्या दशकातल्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात या कुटुंबाने उपास केले, अनुष्ठाने केली, जवळचे होते ते दान केले, आणि अन्न संपले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी चालत राहिले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. पुढे भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावींशी झालेला संसार दोन वर्षांच्या आत पटकीने संपवला. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा रमाबाई पंचविशीच्या होत्या आणि जवळची जवळजवळ सगळी माणसे गमावून बसल्या होत्या. उरली होती ती लहानगी मनोरमा.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा त्या प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. रमाबाई पुण्याहून निघाल्या, मध्य प्रांतातल्या दुष्काळी कामांवर आणि गरीबखान्यांत फिरल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. केडगावचे मुक्ती सदन या मुलींमुळे उभे राहिले. त्या काळातल्या त्यांच्या लेखनात देवाने दुष्काळ का पाडला याची मीमांसा जवळजवळ नाही. आहे ती स्वतःच्या भुकेची आठवण, आणि त्या आठवणीमुळे गरीबखान्यात काय बिघडले आहे ते ओळखण्याची तीक्ष्ण नजर : अन्न कोण खाते, मुलींवर कोणाचा डोळा आहे, कागदावर किती आणि पानात किती. मुलींना वाचवता यावे म्हणून देवाने रमाबाईंच्या आईबापांना उपाशी मारले, असे म्हणणे मला पाखंड वाटते. एवढेच म्हणता येईल, की जे घडले ते वाया जाऊ न देण्याची ताकद त्यांना मिळाली आणि ती कोणाकडून मिळाली हे त्या ठामपणे सांगत. १९२१ साली मनोरमाही गेली. त्यानंतर वर्ष भरायच्या आत, बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातावेगळे करून, रमाबाईंनी डोळे मिटले.

दुष्काळाचा उल्लेख आला की आणखी एक गोष्ट मांडणे भाग आहे. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दाखवले, की बाजारात धान्य असतानाही ते घेण्याची ऐपत गेली म्हणून माणसे मेली. ज्याला आपण देवाची करणी म्हणतो त्यात माणसाची करणी किती, हे आधी नीट मोजले पाहिजे. डॉक्टर नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ते धानाच्या चुकाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यापर्यंत, गोंदियातली कितीतरी दुःखे देवाकडे पाठवण्याआधी माणसांच्या दारी नेण्याची आहेत.

गोंदियावरून जाणाऱ्या रेल्वेशी मराठी ख्रिस्ती साहित्याचे एक नाते आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी नारायण वामन टिळकांना गाडीत एक युरोपीय गृहस्थ भेटला. दोघांत कवितेवर, धर्मावर बोलणे झाले आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि दुःखाच्या विषयात ते फार खरे आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, धंदा बुडाला. त्या राखेतून त्यांची विठोबाशी जवळीक आणि भांडण दोन्ही उभी राहिली. देवावर रुसण्याचा, त्याला बोल लावण्याचा हक्क मराठी भक्तीने कधी सोडला नाही. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. मराठी ख्रिस्ती माणसाला हा हक्क दोन्ही बाजूंनी वारशात मिळाला आहे, आणि तरी आपल्या प्रार्थनासभांतून विलाप जवळजवळ हद्दपार झाला आहे. या संग्रहाने एक गोष्ट जरी साधली आणि विलापाला उपासनेत परत जागा मिळाली, तरी श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

टिळकांइतकेच, किंबहुना जास्त, या विषयात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडून शिकण्यासारखे आहे. नवऱ्याच्या धर्मांतराचा निर्णय त्यांचा नव्हता. त्याची किंमत मात्र त्यांनी मोजली. काही वर्षे ताटातूट, नातेवाइकांच्या घरचा आसरा, पदरात लहान मूल. एका श्रद्धाळू, प्रेमळ माणसाच्या प्रामाणिक निर्णयानेही जवळच्या माणसाला केवढे दुःख होऊ शकते, हे लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना कळते, आणि मानवी स्वातंत्र्य हे दुष्टाईचे कारण अशी मांडणी करणाऱ्यांनी हे पान आधी वाचावे. स्वातंत्र्याचे घाव दुष्ट माणसेच घालतात असे नाही. पुढे लक्ष्मीबाई स्वतःच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्या आणि टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य बहुतांशी त्यांनीच पुरे केले.

आता पुन्हा सिकलसेलकडे येतो, कारण निसर्गातून येणाऱ्या दुःखाचा सगळा पेच या एका आजारात एकवटला आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनची कृती लिहिणाऱ्या जनुकात एका अक्षराचा फरक पडतो. तो फरक आई आणि वडील दोघांकडून आला तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळा सुरू होतात. एकाकडूनच आला तर माणूस वाहक राहतो, ‘एएस पॅटर्न’, आणि सहसा ठणठणीत असतो. १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी दाखवून दिले, की अशा वाहकांना घातक मलेरियापासून संरक्षण मिळते. ज्या रानात मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या पोरे नेली, तिथे हा फरक टिकला तो यामुळे. म्हणजे आज जे एका नातवाला छळते आहे त्यानेच त्याच्या पणजोबाला जगवले असण्याचा संभव आहे.

भौतिकशास्त्र सोडून धर्मगुरू झालेले जॉन पोल्किंगहॉर्न म्हणत, की देवाने माणसाला जसे स्वातंत्र्य दिले तसे सृष्टीलाही आपल्या नियमांनी घडत जाण्याची मोकळीक दिली; ज्या प्रक्रियेतून जीवन बहरते तिच्यातूनच रोगही येतो. हे मला बरेच पटते. पोराच्या ‘मलाच का’ला ते उत्तर देत नाही, हे खरे. पण आईच्या प्रश्नाला देते. दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता. या वाटपात पाप-पुण्य कुठेच येत नाही. लग्नाआधी दोघांचे रक्त तपासणे, पोराला भरपूर पाणी पाजणे, हायड्रॉक्सियुरियाची गोळी न चुकता देणे, हे मग शिक्षा टाळण्याचे उपाय राहत नाहीत, प्रेमाची कामे होतात. जुलै २०२३मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आमच्या भागातल्या प्रत्येक देवळातून, विहारातून आणि चर्चमधून तिच्याविषयी बोलले जावे अशी माझी कळकळीची मागणी आहे.

गोंदियात हा विषय एकट्या ख्रिस्ती लोकांत बोलून भागत नाही. आमचे शेजारी मोठ्या संख्येने बौद्ध आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या दीक्षेने त्यांच्या आजीआजोबांना सांगितले, की दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि ते दूर करणे माणसाच्या हाती आहे. त्यासाठी देव लागत नाही. ख्रिस्ती माणसाने हे आव्हान म्हणून ऐकावेच, आणि त्यातला नैतिक रेटा आपलासा करावा. १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या ईश्वरविद्येची मागणी केली आणि तिच्यातून दलित ख्रिस्ती विचार आकाराला आला. त्याचे म्हणणे असे, की ज्याला गावाबाहेर ठेवले त्याला देव का असे होऊ देतो असे शांतपणे विचारण्याची चैन परवडत नाही. तो विचारतो, देव कोणाच्या बाजूला उभा आहे? वेशीबाहेर क्रूसावर गेलेला येशू त्याला उत्तर म्हणून पुरतो, कारण तो त्याच्याच जागी उभा असतो. आमच्या मते मराठीत या प्रश्नावर पुढचे महत्त्वाचे लिखाण इथून यायचे आहे.

हे सगळे आत्ताच का? कोरोनाच्या २०२१मधल्या दुसऱ्या लाटेत माणसे नातेवाइकांविना पुरली गेली. कित्येक घरांत अंत्यविधीची उपासनाही झाली नाही. त्या काळचे दुःख अनेकांच्या छातीत तसेच अडून आहे. त्याच वेळी, विश्वास पुरेसा असेल तर आजार राहणारच नाही, असे सांगणाऱ्या सभांचा जोर वाढला. अशा प्रचारामुळे गोळ्या बंद केलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पोर बरे झाले नाही की विश्वास कमी पडल्याचा ठपका पुन्हा आईवर. ईयोबाचे मित्र ध्वनिक्षेपक घेऊन परत आले आहेत. दुसरीकडे ‘चांगली माणसे देवालाही आवडतात’, ‘देवाची मर्जी’, ‘परीक्षा आहे’ अशी वाक्ये मयताच्या घरी आपण सगळेच बोलतो. बोलणाऱ्याचे मन चांगले असते. पण ऐकणारी आई मनात म्हणते, मग देवाने दुसऱ्याचे पोर का नाही आवडून घेतले? हे ती कोणाला सांगत नाही आणि हळूहळू उपासनेला यायचे बंद करते. तिला परत आणणे एवढ्यापुरता हा विषय नाही. ती जे बोलली नाही ते ऐकून घेणे आधी आहे.

हा संग्रह गोंदिया, भंडारा आणि नागपूर भागातल्या कॅथलिक व प्रोटेस्टंट वाचकांच्या बैठकांतून तयार झाला. लिहिणाऱ्यांत परिचारिका आहेत, पाळक आणि धर्मगुरू आहेत, शिक्षक आहेत, तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आहेत, आणि स्वतः आजार भोगणारी माणसेही आहेत. सगळ्यांचे एकमत करण्याचा प्रयत्न केलेला नाही. प्रत्येकाला एवढेच सांगितले होते, की जे वाक्य पोर गमावलेल्या आईसमोर उच्चारण्याची तुमची हिंमत नाही ते इथे लिहू नका. या अटीमुळे काही चांगले विद्वत्तापूर्ण लेख लहान झाले, काही लेखकांनी आपले लेख मागे घेतले. सैतान आणि भूतबाधा यांच्यावर वेगळा लेख हवा होता. तो आमच्या मनासारखा उतरला नाही म्हणून घेतलेला नाही. नरकाच्या शिकवणीवरची चर्चा मुद्दाम सविस्तर ठेवली आहे, कारण नेहेम्या गोऱ्यांनी ती जिथे सोडली तिथून मराठीत कोणी ती पुढे नेलेली नाही.

ज्यांना हा विषय अभ्यासासाठी हवा आहे त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचावे. ज्यांच्या घरात दुःख ताजे आहे त्यांनी मात्र तर्काचा भाग तूर्त बाजूला ठेवावा आणि शेवटच्या विभागातल्या विलापाच्या प्रार्थनांपासून सुरुवात करावी. त्या एकट्याने वाचण्यापेक्षा घरातल्या किंवा मंडळीतल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगाव्यात. वाचणाऱ्याने मध्ये थांबून समजावून सांगू नये, आणि कोणी रडू लागले तर वाचन तिथेच ठेवून त्यांच्याजवळ बसावे.